लाल पिल्लांचे दिवस

मॅडमनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी ललित लेख मागितले, तेव्हा मी मान खाली घातली. ललित म्हणजे चांदणं, प्राजक्त, गवतफुलं, असंच माझ्या डोक्यात बसलेलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आजोबा अंगठा लावायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, सही करतात, पण करताना जीभ दातांत धरतात. अशा घरातल्या मुलानं लेख लिहावा आणि तो शिकल्यासवरल्या माणसांनी वाचावा, हा आगाऊपणाच आहे. तो पोटात घ्यावा. दुसरी अडचण अशी, की माझ्याजवळ चांदणं नाही, राग आहे. रागाचा ललित लेख होतो का, हे मॅडमना विचारायचं होतं, पण स्टाफरूमच्या दारापर्यंत जाऊन मी परत आलो.

आणखी एक गोष्ट माफ करावी. मी गावाचं नाव लिहिणार नाही. नदीचंही नाही. नदी आपल्याच जिल्ह्यातली आहे आणि पुढं गोदावरीला मिळते, एवढं पुरे. नाव का नाही, ते शेवटी कळेल.

हे सगळं वर आलं ते मासळी बाजारात. मी बेगमपुऱ्यात खोली करून राहतो. श्रावण लागला की शहरात भाज्या बदलतात, मिठाईची दुकानं सजतात, आणि निम्मी माणसं मांसमच्छी सोडतात. बाजार थोडा रिकामा होतो. लायब्ररीतून परतताना मी त्या गल्लीतून उगाच जातो. ओल्या बर्फाचा, खवल्यांचा, भिजलेल्या पोत्यांचा वास आला की दोन मिनिटं घरी गेल्यासारखं वाटतं. त्या दिवशी एका मासेवाल्या खालाच्या पुढ्यात निळ्या प्लास्टिकच्या टबमध्ये मरळ होती. जिवंत. काळी, अंगभर चिकट चकाकी, सापासारखं डोकं. मरळीला पाण्यात राहूनही वरची हवा लागते. ती टबात तोंड वर काढत होती, हवेचा घोट घेऊन पुन्हा खाली जात होती. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं.

"ले जा बेटा, अंडेवाली है," खाला म्हणाली. "पेट देख, कित्ता भरको है. ऐसी मीठी लगती की पूछ नक्को."

मी नुसता बघत राहिलो.

"कैकू खाली देखरा? लेना है तो ले, नैं तो बाजू हो. तुम्हारे गाँव में नैं मिलती क्या मरळ?"

"मिलती थी," मी म्हणालो आणि बाजूला झालो.

तिच्यावर कसा रागावू? ती कुणाकडून तरी घेते आणि कुणाला तरी विकते. पण खोलीवर येईपर्यंत राग उतरला नाही. पुस्तकं कॉटवर टाकली आणि बराच वेळ भिंतीकडं बघत बसलो. बारावीची परीक्षा देऊन मी घरी होतो, त्या पावसाळ्यातला आमचा डोह मला त्या भिंतीवर दिसत होता.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांना सांगतो. मरळीची पिल्लं लाल असतात. मिरची कांडपाच्या गिरणीसमोर जमिनीवर जो भुगा पडलेला असतो, तो कुणी मूठभर पाण्यावर टाकावा आणि तो भुगा जिवंत होऊन सरकू लागावा, तसं दिसतं. सगळी एका झुंडीनं चालतात. पाऊस नसताना पाण्याचा तेवढाच तुकडा उकळत असतो. हवेसाठी पिल्लं वर येतात, खाली जातात, वर येतात. आणि त्यांच्या बरोबर खाली, दिसेल न दिसेल अशी, आईबापाची काळी सावली. पिल्लं जिथं जातील तिथं ती सावली. बेडूक आला, साप आला, दुसरा मासा आला, की ती सावली दगडासारखी वर येते.

आणि म्हणूनच ती सगळ्यात सोपी सापडते. गळाला बेडकी लावायची, ती त्या लाल झुंडीतून ओढायची. मरळ झेप घेतेच. इतर मासे भुकेनं गळाला लागतात. या दिवसांत मरळीला भूक नसते. ती हाकलायला येते. आमच्या पिढ्यांनी तिला याच वेळी धरली. मी लहानपणी ही युक्ती अभिमानानं शाळेत सांगायचो. ती युक्ती नव्हती, हे मला साळूआत्यानं सांगितलं.

साळूआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. डोक्यावर पाटी घेऊन आठवडी बाजारात मासे विकून तिनं पोरं वाढवली. तिच्या तोंडाला गावात कुणी लागत नाही. आमची भोयांची आळी नदीच्या अंगाला आहे, मध्ये एक लिंब आहे, आणि काही ठरवायचं असलं की सगळे तिथं जमतात. त्या वर्षी मृगाच्या आधी आत्यानंच सगळ्यांना जमवलं. नदीत मरळ दिसेनाशी झाली होती. वाळू काढून काढून नदीची हाडं उघडी पडली होती. मोटारीच्या तारा पाण्यात सोडून करंट देणारे गडी पार तालुक्याच्या गावाहून यायचे, आणि मग पाण्यावर मेलेल्या माशांची पांढरी पोटं तरंगायची. आमची माणसं तरी कुठं मागं होती? मच्छरदाणीचं कापड पाण्यातून ओढून बोटभर लांबीची पिल्लंसुद्धा सुकवायला घालायची. चिलापी, म्हणजे तिलापिया, तेवढी उरली होती. चिलापी कशातही जगते.

"एक डोह सोडायचा," आत्या म्हणाली. "देवीच्या मागचा. लाल पिलं हायत तवर त्यात गळ नाय, जाळं नाय, काय नाय."

बन्सीकाका आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. पांढरा सदरा, खिशाला पेन, मान कायम थोडी वर. ते हसले. "मग आम्ही खावं काय? तुह्यं डोकं?"

"माह्यं डोकं तर तुम्ही कवाच खाल्लं, बन्सी. आता नदी खाया लागले."

सगळे हसले, अण्णाही. मग आत्या हसायची थांबली. "बाळंतिणीच्या खोलीत शिरून कुणी भाकर मागतं का रे? आपण तेच करतो. ती पिलं राखती आन आपण तिला तिच्या पिलांवरनं फशिवतो. माह्या बापानं केलं, म्या इकलं. आता नाय."

शेवटी अण्णा उठले. घरातून आपलं जाळं आणलं, मध्ये ठेवलं, आणि त्यावर हात ठेवला. आमच्यात जाळ्यावर हात ठेवून बोललेलं माघारी घेत नाहीत. लग्न ठरवताना, भांडण मिटवताना असंच करतात. अण्णांच्या मागून एकेकानं हात ठेवला. बन्सीकाकांनीही ठेवला, पेन सांभाळत. मच्छरदाणीचं कापड बायांनी गोळा केलं आणि त्या उन्हाळ्यात उरलेल्या कुरडया त्यावर वाळत घातल्या. "आता हिच्यात मासा नाय, माशी बी घुसायची नाय," आत्या म्हणाली.

आम्ही कुणाला विचारून हे केलं नव्हतं. योजना नव्हती, साहेब नव्हता, संस्था नव्हती. आज वर्गात पर्यावरणाचा पेपर सगळ्यांना सक्तीचा आहे. त्यात एका मुलानं सेमिनार दिला. पडद्यावर लिहिलं होतं, स्थानिक लोकांमध्ये जागरूकतेचा अभाव आहे. सर मान हलवत होते. मी हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. काय सांगणार होतो? लिंब, जाळं, कुरडया? पण त्या वाक्याचा मला अजून राग येतो. अभाव कुणाकडं आहे, हे मला त्याच पावसाळ्यात कळलं होतं.

तो पावसाळा सुरुवातीला फार सुंदर होता. सुंदर हा शब्द लिहिताना मला लाज वाटते, पण दुसरा सापडत नाही. पूर येऊन गेला, पाणी गढूळचं हिरवं झालं. डोहाच्या कडेनं बेशरमाची झुडपं, त्यांची जांभळी फुलं पाण्यावर वाकलेली. एके दिवशी सकाळी अण्णांनी माझं मनगट धरलं आणि नुसती हनुवटी पुढं केली. पाणकणसाच्या पलीकडं, लाल. हाताच्या पंजाएवढा लाल तुकडा. पाणी उकळत होतं.

अण्णा मुळात कमी बोलतात. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "आली."

मग राखण सुरू झाली. दिवसा पाळीपाळीनं दोघं दोघं बसायचे. अण्णांची आणि माझी पाळी एकत्र असायची. पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन आम्ही बाभळीखाली बसायचो. बरोबर उकडलेल्या शेंगा. शेंगांच्या मिठाचा आणि ओल्या मातीचा वास एकत्र यायचा. खंड्या फांदीवर येऊन बसला की अण्णा टाळी वाजवून त्याला उडवायचे आणि मग स्वतःच म्हणायचे, "त्यानं तरी कुठं जावं?" आत्या डबा घेऊन यायची. मरळीला ती सूनबाई म्हणायची. "काय म्हणती सूनबाई? निजली का नाय जराशी?" जणू आळीत कुणाच्या घरी पाळणा हलला होता. पिल्लं वाढत होती. लाल रंग थोडा नारिंगी झाला होता. अण्णा म्हणाले, "काळी होऊन पांगली की सुटलो. तवर तिचं आन आपलं काम सारखंच."

रविवारी शहरातून मोटरसायकलवर मुलं यायची, महागड्या काठ्या घेऊन. एकानं डोहात दोरी टाकायला हात उचलला तेव्हा अण्णांनी त्याला शेंगा दिल्या. "बसा. खा. हितं नाय टाकायचं, खाली चिलापी लई हाय." मुलगा म्हणाला, "नदी काय तुमच्या बापाची आहे का?" अण्णा म्हणाले, "बापाची नाय. पिलांची हाय." मुलगा हसला, पण खाली गेला. मला वाटलं, आपण जिंकतोय.

मग बन्सीकाकांनी साहेब आणला.

साहेब कोण, कुठल्या खात्याचा, हे लिहीत नाही. अशा साहेबांची गावं वेगळी असतात, पण गाडी एकच असते. बन्सीकाकांनी तालुक्याला कुठंतरी आमच्या डोहाची गोष्ट सांगितली होती, आणि ती वर वर जात साहेबापर्यंत पोचली. साहेब पाहायला येणार, सत्कार करणार, फोटो काढणार. आळीत मांडव पडला. बॅनर आलं. त्यावर अथांग निळा समुद्र आणि त्यात उडणारे डॉल्फिन होते. खाली लिहिलं होतं, मासे वाचवा. आत्या म्हणाली, "ह्यातला एक बी आपल्या नदीत नाय, मग वाचवायचे कुणाला?" पण तीही खूश होती. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं.

साहेब आले. डोहाकडं जायला चिखल होता, म्हणून ते मांडवातच बसले. भाषण झालं. निसर्ग, पुढच्या पिढ्या, तुमच्यासारखे भूमिपुत्र. शाल आत्याच्या खांद्यावर आली, नारळ अण्णांच्या हातात. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मग पंगत बसली. साहेबांना पाट, पुढं केळीचं पान. बन्सीकाका स्वतः वाढायला उठले आणि तांबड्या रश्श्याचं पातेलं आलं.

आमच्यात पाहुण्याला मरळ घालतात. जावई पहिल्यांदा आला, सोयरा आला, मोठा माणूस आला, तर मरळ. डोकं पाहुण्याच्या पानात पडतं. चिलापी घातली तर लोक वर्षभर बोलतात. हे लिहून ठेवलेलं नाही, पण आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. साहेबांच्या पानात सापासारखं डोकं पडलं.

पहिल्यांदा आत्याला कळलं. ती बायकांच्या पंगतीतून उठली आणि पातेल्यात वाकून पाहिलं. डोकी दोन होती, म्हणजे जोडी. एक साहेबांच्या पानात, दुसरं पातेल्यात.

"बन्सी," ती म्हणाली. "ही कुठली?"

बन्सीकाका कुजबुजले, "आक्का, पाव्हणं बसलेत."

"म्या इचारलं, कुठली?"

"मग काय चिलापी घालू साहेबाला? आपल्या अब्रूचं काय? मासे राखणाऱ्यांच्या दारी येऊन माणूस मासा न खाता गेला, तर लोक थुंकतील तोंडावर."

साहेबांना काही ऐकू गेलं नसावं. त्यांनी बोटं चाटली आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "वा! ही नैसर्गिक चव. हे जपलंच पाहिजे."

मी आजही हे वाक्य मनात म्हणतो तेव्हा माझे कान गरम होतात. हे जपलंच पाहिजे. तोंडात घास असताना.

आत्यानं खांद्यावरची शाल काढली, घडी घातली, पातेल्यावर झाकणासारखी ठेवली आणि मांडवाबाहेर गेली. फोटोवाल्यानं तेवढ्यात तिचा पाठमोरा फोटो काढला. मी तिच्यामागं जाणार होतो. पण मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा नारळ मांडीवर घेऊन बसले होते. आमच्या आळीत गळावर मरळ घ्यायला अण्णांसारखा हात कुणाचा नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांच्या पानात मासा नव्हता. नुसता भात होता आणि तोही त्यांनी कालवला नव्हता. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

मी डोहावर गेलो. आत्या आधीच तिथं होती. हिरव्या लुगड्यानिशी चिखलात बसलेली. पिल्लं तिथंच होती, पण झुंड मोडली होती. नारिंगी ठिपके इकडं तिकडं विखुरलेले, पुन्हा एकत्र यायला बघणारे, पुन्हा विखुरणारे. खाली सावली नव्हती. चिलाप्या वर येत होत्या. पाण्यावर नुसते बारीक फटके वाजत होते, चट्, चट्. खंड्या एकसारखा सूर मारत होता. आत्या टाळ्या वाजवत होती. चिलापीला टाळी काय कळते? तरी वाजवत होती. तळवे दुखायला लागले तेव्हा तिनं ढेकळं मारली. मीही मारली. मांडवातून लाऊडस्पीकरवर आभार प्रदर्शन ऐकू येत होतं.

दोनचार दिवसांत पाणी काळं झालं. म्हणजे पाणी तेच होतं, लाल तेवढं गेलं होतं.

मला सगळ्यांचा राग आला होता. साहेबाचा आला, पण तो सोपा राग होता. त्याला काय माहीत पानात काय पडलं? त्यानं विचारलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा, आणि न विचारणं हेच तर त्याचं काम. बन्सीकाकांचा राग आला. पण खरा राग आमच्या त्या अब्रूचा होता. आम्ही उपाशी असताना मरळ सोडली. बाहेरच्या पोरांना शेंगा देऊन परतवलं. करंटवाल्यांच्या तारा कोयत्यानं तोडल्या. आणि कुणीतरी कौतुक करायला आलं तेव्हा, ज्याचं कौतुक तेच कापून पानात वाढलं. अशी चूक दुसरं कुणी करणार नाही. लुटणारा लुटून नेतो. आम्ही हात जोडून वाढतो, वर विचारतो, अजून घ्या ना साहेब.

आणि अण्णांचा राग. त्यांनी जाळ्यावर पहिला हात ठेवला होता. मी त्यांना काहीच बोललो नाही. कॉलेजला निघालो तेव्हा ते एस.टी.पर्यंत माझी पेटी घेऊन आले. बस आली. ते म्हणाले, "नीट ऱ्हा." मी म्हणालो, "व्हय." नंतर फोनवर आमचं एवढंच असायचं. पोचला का, जेवला का, व्हय, व्हय. त्यांनी कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही. आमच्या घरात माफी मागायची रीत नाही, आणि मागितली तर ती घ्यायची कशी, हे मला तरी कुठं येत होतं?

पुढच्या पावसाळ्यात डोहात लाल दिसलं नाही. फोनवर मी विचारलं, "अण्णा, दिसलं का?"

"नाय."

आत्यानं लिंबाखाली पुन्हा सगळ्यांना बोलावलं होतं म्हणे. माझ्या धाकट्या बहिणीनं, कावेरीनं, मला सगळं सांगितलं. आत्या म्हणाली, "आता दुसरा नेम. पाव्हण्याला पिठलं." लोक हसले. एकजण म्हणाला, "आक्का, मग पाव्हणेच येणार नाईत." आत्या म्हणाली, "तेच पायजे." मग तिनं जाळं मध्ये टाकलं. एकही हात पुढं आला नाही. आधी ठेवलेले हात सगळ्यांना आठवत होते. बन्सीकाका मान खाली घालून बसले होते. अण्णा उठले, पण हात ठेवला नाही. म्हणाले, "माह्या हातावर आता कुणी इश्वास ठिवू नये. म्या करून दावीन." आणि गेले.

ते करून दाखवायची वेळ कावेरीच्या लग्नानंतर आली. तिचा नवरा शेंद्र्याला कंपनीत कामाला आहे. पोरगा चांगला आहे, थोडा रुबाबात असतो. नव्या जावयाची पहिली फेरी, तीही पावसाळ्यात. आळीतल्या बाया खिडकीतून बघत होत्या. अण्णांनी ताट पुढं ठेवलं. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा.

जावई ताटाकडं बघून हसला. "मामा, नदीकाठी राहून पिठलं? आमच्या आळीत सांगितलं तर हसतील."

अण्णा म्हणाले, "डोह बंद हाय, पाव्हणं."

"एक मरळ काढली तर नदी आटती का?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "आटती. म्या आटिवलीय एकदा."

कावेरी म्हणाली, अण्णा हे मोठ्यानं बोलले. खिडकीतल्या बायांनाही ऐकू गेलं. आई आत पदर तोंडाला लावून उभी होती. जावयानं अर्धी भाकरी खाल्ली आणि महिनाभर सासरच्यांना फोन केला नाही. कावेरीला बोलणी खावी लागली. मला हे कळलं तेव्हा मी खोलीत एकटाच उभा राहिलो. अण्णांचा राग आला होता तो थोडा हलला, पण गेला नाही. एका वाक्यानं पिल्लं परत येत नाहीत, असं मी स्वतःलाच समजावलं. मी शिकलेला ना.

या वर्षी पुन्हा पाऊस आला. बेगमपुऱ्याच्या गल्लीत पाणी तुंबलं. सेमिस्टरचे पेपर तोंडावर होते. मी दर रविवारी विचारायचो, दिसलं का. अण्णा म्हणायचे, नाय. आत्या फोन घ्यायची आणि म्हणायची, "तू अभ्यास कर रे बाबा, डोहाचं आम्ही बघू." मग बाजारात ती टबातली मरळ दिसली, आणि मी ठरवलं, लिहायचंच. गावाचं नाव, साहेबाचं वर्णन, सगळं घालून लिहायचं. अर्धं लिहूनही झालं होतं. रागात लिहिलं की हात भराभर चालतो. मधल्या फोनवर मी अण्णांना सांगूनही टाकलं, "आपल्या डोहावर लेख लिहितोय. छापून येणार आहे." अण्णा एवढंच म्हणाले, "बरं."

बातमी आली ती परवा. फोन अण्णांनी स्वतःहून केला. ते स्वतःहून कधी करत नाहीत, म्हणून मी दचकलो.

"जेवला का?"

"व्हय. काय झालं?"

"लाल दिसलं व्हतं."

मला आधी समजलंच नाही. "कधी?"

"लई दिस झाले. पूर वसरल्यावर लगेच."

"लई दिस? अण्णा, मी दर रविवारी विचारतोय. तुम्ही नाय म्हणत होता!" माझा आवाज चढला. इतकी वर्षं जो चढला नव्हता तो त्या फोनवर चढला. "माझ्याशी खोटं बोललात? मी कोण आहे? मी ढेकळं मारली होती तिथं!"

पलीकडं गडबड झाली. आत्यानं फोन हिसकावला.

"ए, बापावर वरडू नको. तुलाच नाय, कुणालाच सांगितलं नव्हतं. तुह्या बापानं मला नाय सांगितलं, म्या त्याला नाय सांगितलं. तो रोज सकाळी येतो, म्हणतो गवत कापाया आलो. म्या म्हणते गोधड्या धुवाया आले. एवढ्या गोधड्या माह्या घरात कुठं हायत? आन बन्सी बाभळीखाली बसलेला. म्हणतो, शेळी हरवलीय. बन्सीकडं शेळीच नाय!" ती हसता हसता खोकू लागली. "तिघं तिकडंच बसायचो दिसभर, एकमेकाकडं पाठ करून. तिघांनी बी पाह्यलं व्हतं आन तिघं बी एकमेकाला भीत व्हतो."

"मग मला तरी..."

"तू तर लिव्हणारा, बाबा. लिव्हणाऱ्याच्या मागून गाडी येती. गाडीतून पाव्हणे येतात."

लेखाची ती अर्धी पानं समोर पडली होती. वरच्याच ओळीत गावाचं नाव होतं, नदीचं होतं, देवळाच्या मागचा डोह म्हणून पत्ताही होता. मी पेन घेतलं आणि फोन कानाला लावूनच ती नावं खोडली. मग सगळंच पुन्हा लिहिलं, ते हे.

फोन पुन्हा अण्णांकडं गेला होता. पाठीमागं पाण्याचा आवाज येत होता. म्हणजे ते डोहावरूनच बोलत होते.

"मग आज कामून सांगता?" मी विचारलं.

"आज पाह्यली," अण्णा म्हणाले. "काळी झालीत. पांगलीत समदी. आता लिव्ह तुला काय लिव्हायचं ते."